रक्तातली धग
आळेफाटा येथील व्याख्यानमालेतील स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ

आळेफाट्याच्या चौकात दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. एक पुण्याहून नाशिककडे जाणारा, दुसरा कल्याणहून माळशेज घाट चढून अहिल्यानगरकडे निघणारा. कांद्याच्या पिशव्यांचे ट्रक, नारायणगावच्या बाजाराला निघालेले टोमॅटोचे क्रेट, ऊसतोडीच्या टोळ्या, लेण्याद्री-ओझरचे यात्रेकरू, सगळे याच चौकातून पुढे जातात. महाराष्ट्रातल्या रक्ताच्या आनुवंशिक आजारांचा नकाशा काढायचा झाला, तर तोही या चौकातून काढता येतो.

उत्तरेचा रस्ता नाशिक मागे टाकून धुळे-नंदुरबारकडे, सातपुड्याच्या पायथ्याला जातो. तिथल्या भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. पश्चिमेचा रस्ता माळशेज उतरून कल्याणला पोचतो. शेजारचे उल्हासनगर फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवले, आणि त्या समाजात थॅलेसेमियाचे वाहक इतरांहून जास्त आहेत. पूर्वेचा रस्ता मराठवाडा ओलांडतो. त्याच्या उत्तरेला विदर्भ, म्हणजे यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली हा सिकलसेलचा मोठा पट्टा. दक्षिणेचा रस्ता पुण्याला जातो. तिथल्या बी. जे. मेडिकल कॉलेजात आणि पुढे हडपसरच्या महाराष्ट्र आरोग्य मंडळातून डॉ. सुदाम काटे यांनी आयुष्याचा मोठा भाग आदिवासी पाड्यांवर रक्ताचे नमुने गोळा करण्यात घालवला. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. काटे आणि लिंगोजवार यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात राज्यातल्या आदिवासींमधील सिकलसेलचे प्रमाण सरासरी १० टक्क्यांच्या आसपास दिले आहे. भिल्ल, माडिया, पावरा, परधान आणि ओटकर या जमातींत मात्र ते २० ते ३५ टक्क्यांपर्यंत जाते.

हे आजार जनुकातून येतात, एवढे आता शाळेच्या पुस्तकातही असते. आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन्ही सदोष जनुक आले की मूल आजारी होते. एकच आला तर ते वाहक राहते. या व्याख्यानाचा विषय त्याच्या पुढचा आहे. जनुकात दोष जन्मापासून असतो, रोज असतो, प्रत्येक पेशीत असतो. तरीही सिकलसेलचे मूल महिनाभर शाळेत खेळते आणि एका रात्री हाडे फुटतील अशा कळांनी लोळू लागते. एकाच आईबापाच्या दोन मुलांपैकी एकाला वर्षातून पाच वेळा दवाखान्यात न्यावे लागते, दुसऱ्याला पाच वर्षांतून एकदा. दोष तोच, मग त्या रात्री वेगळे काय घडते? गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संशोधनाने या प्रश्नाचे जे उत्तर दिले, त्यात शरीराच्या दाहाला, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेने आत पेटवलेल्या आगीला मोठा वाटा मिळाला आहे.

विळ्याचा शोध

१९०४ च्या अखेरीस शिकागोत ग्रेनाडा बेटावरून आलेला दंतवैद्यकाचा एक विद्यार्थी खोकला आणि तापाने इस्पितळात दाखल झाला. त्याचे नाव वॉल्टर क्लेमेंट नोएल. शिकाऊ डॉक्टर अर्नेस्ट आयर्न्स यांना त्याच्या रक्तात लांबट, वाकड्या तांबड्या पेशी दिसल्या. त्यांचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये त्यावर निबंध लिहिला आणि पेशींच्या आकाराला विळ्याची उपमा दिली. नाव तेच चिकटले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की या रोग्यांचे हिमोग्लोबिनच वेगळे आहे. एखादा आजार एका रेणूपर्यंत नेऊन पोचवण्याची ती पहिली वेळ. पुढे व्हर्नन इनग्रॅम यांनी नेमकी जागा सांगितली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या क्रमांकावर ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसलेले असते. सगळ्या दुखण्याचे मूळ एवढेच.

भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींत सिकलसेल सापडला. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये केली. तिथून विदर्भ या आजाराच्या नकाशावर आला.

हा जनुक टिकला कसा, याचे उत्तर हिवतापात आहे. ज्याच्याकडे एकच सिकल जनुक असतो, त्याला हिवतापाच्या जिवावर बेतणाऱ्या प्रकारापासून संरक्षण मिळते. अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत १९५४ मध्ये हे दाखवले. थॅलेसेमियाबद्दल असाच तर्क जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्येच मांडला होता. हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात येऊन स्थायिक झाले. जंगलपट्ट्यात शतकानुशतके हिवताप होता, म्हणून तिथल्या माणसांच्या रक्तात हा जनुक साठत गेला. कोणत्याही जमातीचा त्यात दोष नाही. वाहक निघालेल्या मुलीचे लग्न मोडणाऱ्यांनी एवढे तरी समजून घ्यायला हवे, की त्या जनुकाने तिच्या पणजोबांना जगवले असण्याची शक्यता आहे.

पॉलिंग यांच्या शोधानंतर जवळजवळ तीस वर्षे सगळ्यांची समजूत साधी होती. ऑक्सिजन कमी पडला की सिकल हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना धरून दोरखंड वळतात, पेशी विळ्यासारखी वाकते, ताठ होते आणि बारीक केशवाहिनीत अडकते. रस्ता तुंबला, पुढे रक्त नाही, म्हणून कळ. यात खोटे काही नाही, पण हिशेब जुळत नव्हता. केशवाहिनीतून तांबडी पेशी क्षणार्धात निघून जाते, तर विळा वळायला त्याहून जास्त वेळ लागतो. बहुतेक पेशी वाकण्याआधीच रुंद शिरेत पोचायला हव्यात. मग त्या अडकतात कशा?

चौकात वाहतूक तुंबते तेव्हा काय होते, ते आळेफाट्याच्या माणसाला वेगळे सांगायला नको. एखादे बिघडलेले वाहन असतेच. पण खरी कोंडी होते ती रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या गाड्यांमुळे. रक्तवाहिनीच्या कडेला कोण उभे असते, हे शोधल्यावर सिकलसेलची गोष्ट बदलली.

कडेला उभ्या राहिलेल्या पेशी

१९८० मध्ये रॉबर्ट हेबेल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की सिकलसेलच्या तांबड्या पेशी वाहिनीच्या अस्तराला चिकटतात, आणि ज्या रोग्याच्या पेशी जास्त चिकट, त्याचा आजार जास्त तीव्र. पुढे न्यूयॉर्कमध्ये पॉल फ्रेनेट यांच्या गटाने सिकलसेल असलेल्या उंदरांच्या जिवंत रक्तवाहिन्यांत सूक्ष्मदर्शकाने पाहिले. त्यांचा निबंध २००२ चा. आधी पांढऱ्या पेशी, त्यातही न्यूट्रोफिल, छोट्या शिरांच्या भिंतीला चिकटून बसतात आणि मग जवळून जाणाऱ्या तांबड्या पेशींना पकडून ठेवतात. रस्ता अरुंद होतो, रक्ताचा वेग मंदावतो आणि आता विळा वळायला पुरेसा वेळ मिळतो. शरीराचे सैनिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पेशीच वाट अडवून बसल्या होत्या.

त्यांना तिथे बोलावले कोणी? त्यासाठी दाह म्हणजे काय, ते पाहावे लागते.

बोटात काटा मोडला की बोट लाल होते, सुजते, गरम लागते, ठणकते. जंतू आत शिरल्याची वर्दी मिळताच तिथल्या पेशी रासायनिक निरोप सोडतात. या निरोपांना सायटोकाइन म्हणतात. इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-६, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, इंटरफेरॉन ही त्यातली मोठी नावे. निरोप मिळाला की रक्तवाहिनीचे अस्तर आपल्या पृष्ठभागावर पी-सिलेक्टिनसारखे चिकट रेणू आणून ठेवते. पांढऱ्या पेशी त्याला धरून थांबतात आणि भिंतीतून पलीकडे जाऊन जंतूंशी लढतात. काटा निघाला, जखम भरली, की निरोप थांबतात आणि बोट पूर्ववत होते.

जुन्नर तालुक्यातल्या लोकांना ‘निरोप’ आणि ‘गोंगाट’ यांतला फरक खोडदच्या दुर्बिणीने शिकवला आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीच्या तीस थाळ्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, अवकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संदेश टिपतात. आसपास रेडिओ-गोंगाट वाढला तर संदेश त्यात बुडून जातो, म्हणून परिसरातल्या उद्योगांवर बंधने आहेत. सिकलसेलच्या शरीरात गोंगाट कायमचा असतो. धोक्याची घंटा काटा नसतानाही वाजत राहते.

त्याचे कारण तांबड्या पेशींच्या मरणात आहे. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलची पेशी दहा-वीस दिवसांत फुटते. फुटली की तिच्यातले हिमोग्लोबिन उघड्यावर येते आणि त्यातून हीम नावाचा लोहयुक्त घटक सुटतो. रक्तात सुटे हीम फार काळ राहू नये म्हणून शरीराकडे ते उचलून नेणारी प्रथिने असतात. पण रोज इतक्या पेशी फुटल्यावर ती संपून जातात. उरलेले हीम रक्तवाहिनीच्या अस्तरावरच्या टीएलआर-४ या ग्राहकाला जाऊन भिडते. हा ग्राहक मुळात जिवाणूंच्या आवरणातले विष ओळखण्यासाठी आहे. त्याची ही ओळख पटवणारे ब्रूस ब्यूटलर यांना २०११ मध्ये नोबेल मिळाले. मिनेसोटातील जॉन बेल्चर आणि ग्रेगरी व्हर्सेलोटी यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले की उंदरांत हीम याच ग्राहकामार्फत अस्तर भडकवते आणि रक्ताची वाट बंद पाडते. म्हणजे शरीर आपल्याच फुटलेल्या रक्ताला जंतूंचा हल्ला समजते. भडकलेले न्यूट्रोफिल तर स्वतःच्या डीएनएचे जाळे बाहेर फेकतात. जंतू अडकवण्यासाठी असलेल्या या जाळ्यात आपलेच रक्त गुंतते.

त्याच वेळी उघडे हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते. रक्तवाहिन्या सैल ठेवण्याचे काम हा वायू करतो. तो कमी पडला की वाहिन्या आवळतात. पेशी फुटतात म्हणून दाह होतो, दाहामुळे वाट बंद होते, वाट बंद झाल्याने ऑक्सिजन घटतो, त्यामुळे आणखी पेशी वाकतात आणि फुटतात. पश्चिम पट्ट्यातल्या डोंगरात चैत्रात वणवा लागतो तेव्हा विझल्यासारख्या दिसणाऱ्या राखेखाली धग राहते आणि वाऱ्याची एक झुळूक पुरते. सिकलसेलच्या मुलाच्या रक्तात ती धग बारमाही असते. ताप, जुलाब, थंडी, उपाशीपोटी लांबची चाल किंवा पाणी कमी पिणे, यांतले काहीही तिला झुळूक पुरवते.

या म्हणण्याला पुरावे वेगवेगळ्या बाजूंनी आले. १९९४ मध्ये ओरा प्लॅट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ३,७६४ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पांढऱ्या पेशींची संख्या कायम जास्त असणाऱ्यांना लवकर मरण येण्याचा धोका अधिक होता. दुसरा पुरावा दुःखद आहे. जी-सीएसएफ हे औषध न्यूट्रोफिल वाढवते आणि रक्त घडवणाऱ्या मूळपेशी गोळा करताना इतर आजारांत सर्रास वापरले जाते. ते सिकलसेलच्या काही रोग्यांना दिल्यावर वेदनेचे अत्यंत तीव्र झटके आले, मृत्यूही झाले. म्हणूनच आज जनुकोपचारासाठी या रोग्यांच्या मूळपेशी गोळा करताना प्लेरिक्साफॉर हे वेगळे औषध वापरतात.

रोजच्या दवाखान्याच्या कामाची एक बाब इथेच सांगितली पाहिजे. दाह आहे का, हे पाहण्यासाठी गावोगावच्या लॅबमध्ये ईएसआर करतात. त्यात तांबड्या पेशी एकमेकींवर नाण्यांच्या चळतीसारख्या बसून किती लवकर खाली जातात ते मोजतात. विळ्याच्या पेशींची चळत लागत नाही. त्यामुळे आत आग भडकली असतानाही सिकलसेलच्या रोग्याचा ईएसआर कमी येऊ शकतो, आणि कागदावर ‘नॉर्मल’ वाचून मुलाला घरी धाडले जाऊ शकते.

मज्जेतल्या मूळपेशी आणि इंटरफेरॉन

दाहाचे निरोप वाहत्या रक्तावर परिणाम करतात, तसेच रक्त जिथे तयार होते त्या अस्थिमज्जेवरही करतात. याचे सर्वांत ठळक उदाहरण फॅन्कोनी ॲनिमिया. स्विस बालरोगतज्ज्ञ ग्वीडो फॅन्कोनी यांनी १९२७ मध्ये तीन भावांमध्ये तो पाहिला. मूल ठेंगणे असते, कधी अंगठा नसतो किंवा वेडावाकडा असतो, अंगावर दुधाळ चहाच्या रंगाचे डाग असतात, आणि शाळेच्या वयात मज्जा हळूहळू रिकामी होत जाते. या मुलांच्या पेशींना तुटलेला डीएनए नीट सांधता येत नाही. बहुतेक वेळा आई आणि वडील दोघांकडून दोष यावा लागतो, त्यामुळे नात्यात लग्ने होणाऱ्या कुटुंबांत धोका वाढतो. मामाची मुलगी करण्याची रीत असलेल्या महाराष्ट्राला हे दूरचे नाही. मुंबईत परळला, के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तविज्ञान संस्थेत या आजाराची गुणसूत्र-तपासणी होते आणि त्यावर संशोधनही चालते.

फॅन्कोनीच्या पेशी ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर आणि इंटरफेरॉन-गॅमा या दोन निरोपांपुढे फार हळव्या असतात, हे १९९० च्या दशकात दिसले. निरोगी मूळपेशी जे निरोप सोसतात, ते या पेशींचा जीव घेतात. आणि या रोग्यांच्या मज्जेत तेच निरोप जास्त तयार होतात. २०१५ मध्ये जर्मनीतील मायकेल मिल्सम यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये यातली एक यंत्रणा उलगडली. मज्जेतल्या मूळपेशी एरवी निजलेल्या असतात, शेतकऱ्याने पुढच्या पेरणीसाठी राखून ठेवलेल्या बियाण्यासारख्या. संसर्ग झाला की इंटरफेरॉन त्यांना उठवून कामाला लावतो. उठताना त्यांच्या डीएनएवर ताण येतो, तूटफूट होते. निरोगी उंदरांनी ती सांधली. फॅन्कोनीचा दोष असलेल्या उंदरांना विषाणूच्या संसर्गाची नक्कल करणारे रसायन वारंवार दिल्यावर त्यांची मज्जा कोलमडली. प्रत्येक संसर्ग म्हणजे बियाण्याच्या कणगीत घातलेला हात.

थॅलेसेमियात वेगळी तऱ्हा आहे. बीटा साखळी बनत नाही, मग जोडीदाराविना उरलेल्या अल्फा साखळ्या साचतात आणि तांबड्या पेशी मज्जेतच मरतात. शरीर आणखी पेशी बनवण्याचा हुकूम सोडते, मज्जा फुगते, हाडे रुंदावतात, पाणथरी वाढते. अन्नातले लोह किती आत घ्यायचे हे यकृतातून येणारे हेप्सिडिन ठरवते. संसर्गात इंटरल्यूकिन-६ हेप्सिडिन वाढवते, म्हणजे जंतूंना लोह मिळू नये. थॅलेसेमियात धडपडणाऱ्या मज्जेतून एरिथ्रोफेरॉन निघते आणि हेप्सिडिन खाली ढकलते. या रेणूचा शोध २०१४ चा. आतड्याचे दार उघडे राहते आणि रक्त चढवून येणाऱ्या लोहात आणखी भर पडते. साचलेले लोह पुन्हा दाहाला इंधन पुरवते. भारतात दरवर्षी अंदाजे १० ते १२ हजार मुले थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मतात. देशात शंभरात तीन-चार माणसे वाहक आहेत, आणि ती सर्व समाजांत विखुरलेली आहेत.

घंटेच्या तारा

दाह जर इतके करतो, तर दाह विझवणारे औषध का देऊ नये? हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला. त्याचा इतिहास उद्बोधक आहे.

दाह दाबायला हाताशी असलेले औषध म्हणजे स्टिरॉइड. १९९४ मध्ये सिकलसेलच्या मुलांना झटक्याच्या वेळी मोठ्या मात्रेत स्टिरॉइड देऊन पाहिले. कळ लवकर थांबली. पण औषध बंद होताच ती परत उठण्याचे प्रमाण वाढले. पी-सिलेक्टिनचा चिकटपणा रोखणारे क्रिझान्लिझुमॅब २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. पहिल्या मोठ्या चाचणीत वर्षाला २.९८ ऐवजी १.६३ झटके, असा फरक दिसला होता. पुढच्या चाचणीत तो फायदा सिद्ध झाला नाही आणि युरोपने २०२३ मध्ये परवानगी काढून घेतली. इंटरल्यूकिन-१ बीटा अडवणाऱ्या कॅनाकिनुमॅबने रक्तातल्या दाहाच्या खुणा कमी केल्या, पण वेदनेत ठरवलेला फरक पडला नाही. घंटेला अनेक तारा आहेत. एक कापली तरी दुसरीवरून ती वाजते. शिवाय ही घंटा सिकलसेलच्या मुलाला हवीही असते, कारण त्याची पाणथरी नीट काम करत नाही आणि न्यूमोकोकससारखे जंतू त्याला काही तासांत घेऊन जाऊ शकतात.

टिकून राहिले ते जुने आणि स्वस्त औषध. हायड्रॉक्सीयुरिया मुळात कर्करोगाचे. गर्भात असताना बाळाचे जे हिमोग्लोबिन असते, ते मोठेपणी पुन्हा वाढवण्यासाठी सिकलसेलमध्ये ते देऊ लागले. १९९५ मध्ये २९९ प्रौढ रोग्यांवरच्या चाचणीचा निकाल आला: वर्षाला साधारण ४.५ झटक्यांऐवजी २.५. मग डॉक्टरांना एक गोष्ट दिसली. ज्यांचे न्यूट्रोफिल उतरले, त्यांना फायदा झाला. ज्याला फक्त हिमोग्लोबिनचे औषध मानले होते, ते कडेला उभ्या राहणाऱ्या पेशीही कमी करत होते.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी हे औषध विदर्भातल्या, वारंवार झटके येणाऱ्या मुलांना कमी, ठरावीक मात्रेत दिले. वजनाच्या दर किलोमागे रोज १० मिलिग्रॅम. त्यांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. झटके आणि रक्त चढवण्याची गरज दोन्ही कमी झाली. भारतातल्या सिकलसेलमध्ये बाळ-हिमोग्लोबिन आफ्रिकेतल्यापेक्षा जास्त असते, म्हणून इथला आजार सौम्य, असे बराच काळ मानले जाई. नागपूरच्या बालरोग विभागातली मुले त्या समजुतीत बसत नव्हती. आकडे जमवून तसे सांगण्याचे काम तिथल्या डॉक्टरांनी केले. नागपूरचेच संपत रामटेके यांनी सिकलसेलच्या कुटुंबांची संघटना बांधली. २०१८ च्या पद्मश्रींमध्ये त्यांचे नाव होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांचा समावेश झाला, त्यामागे अशा कुटुंबांची अनेक वर्षांची मागणी आहे.

जनुकसंच कापून बदलणाऱ्या क्रिस्पर तंत्राचा उपचार २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्य झाला. अमेरिकेतली किंमत माणशी २२ लाख डॉलर. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेत देशी क्रिस्पर उपचारावर काम चालू आहे, आणि ते लवकर रोग्यांपर्यंत पोचावे यासाठी पैसा आणि पाठबळ मिळाले पाहिजे. तोवर धडगावच्या किंवा एटापल्लीच्या मुलाचा दोष त्याच्याबरोबर राहणार. धग मात्र आजही कमी ठेवता येते.

जुन्नर-आंबेगावच्या अंगणात

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले. १७ राज्यांतल्या आदिवासी भागात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे त्याचे उद्दिष्ट. तपासणीने वाहक कळतात, लग्नाआधी दोघांचे तपासणी-कार्ड जुळवून पाहता येते. पण जी मुले आजार घेऊन जन्मली आहेत, त्यांचे उद्याचे काय, याचे उत्तर आरोग्य उपकेंद्रात, आश्रमशाळेत आणि घरात द्यावे लागते.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांचा पश्चिम भाग महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी समाजांचा. हिरड्याच्या हंगामात झाडावर चढणारी आणि एरवी भातखाचरात राबणारी ही माणसे. आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालय घोडेगावला आहे आणि आश्रमशाळांतली मुले आईबापांपासून दूर राहून शिकतात. त्यातच विघ्नहर आणि भीमाशंकर या साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की बाहेरून ऊसतोड कुटुंबे येतात आणि थंडीच्या दिवसांत फडाजवळच्या पालांत राहतात. नंदुरबारचे मूल जुन्नरला आले की त्याच्या रक्तातले जनुक त्याच्याबरोबर येते. त्याचे तपासणी-कार्ड मात्र बऱ्याचदा गावाकडच्या घरात राहते.

धग कमी ठेवण्याच्या गोष्टी साध्या आहेत आणि प्रत्येकीमागे दाहाचे गणित आहे. पाणी: शरीर कोरडे पडले की पेशीतले हिमोग्लोबिन दाट होते आणि दोरखंड लवकर वळतात. म्हणून सिकलसेलच्या मुलाला वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यायची आणि लघवीला जाण्यापासून अडवायचे नाही. ऊब: अंग गारठले की वाहिन्या आवळतात, म्हणून कार्तिक ते माघ या काळात गार पाण्याची पहाटेची अंघोळ त्याला नको. ताप: सिकलसेलच्या मुलाचा ताप ‘उद्या बघू’ म्हणून ठेवायचा नाही. १९८६ मध्ये अमेरिकेत २१५ लहान मुलांवर झालेल्या चाचणीत रोज तोंडाने पेनिसिलिन घेणाऱ्यांमध्ये न्यूमोकोकसचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला, आणि चाचणी ठरल्यापेक्षा आठ महिने आधीच थांबवण्यात आली. न्यूमोकोकसची लस आता सरकारी लसीकरणात आहे. ती चुकली असेल तर टोचून घ्यायची. हिवताप, जंत, किडलेले दात, वाहणारा कान, यांतली प्रत्येक गोष्ट निरोप सोडत असते. सिकलसेलच्या मुलासाठी स्वच्छ पाणी आणि मच्छरदाणी हे औषधच.

आणि हायड्रॉक्सीयुरिया. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, पांढऱ्या पेशी वेळोवेळी मोजत, वर्षानुवर्षे घ्यावे लागते. झटका थांबला म्हणून गोळी बंद केली की काही आठवड्यांत रक्त पूर्वपदावर जाते. गोळ्यांचा साठा संपणे म्हणजे झटक्याला आमंत्रण. म्हणून ऊसतोडीला निघालेल्या आईच्या गाठोड्यात हंगामभर पुरतील इतक्या गोळ्या आणि मधल्या तपासणीसाठी इथल्या दवाखान्याची चिठ्ठी असायला हवी. नंदुरबारच्या आणि जुन्नरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी एकमेकांना फोन केला तर एवढे जमते.

फडाजवळच्या पालात दहा महिन्यांचे बाळ रात्रभर रडते. सकाळी आई त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात आणते. बाळाला ताप आहे, दोन्ही हातांचे पंजे आणि पावले सुजली आहेत. मार लागलेला नाही, काही चावल्याची खूण नाही. सिकलसेल अनेकदा पहिल्यांदा याच रूपाने दिसतो: बाळ-हिमोग्लोबिनचे संरक्षण सहाव्या महिन्यानंतर ओसरते आणि हातापायांच्या बारीक हाडांत दाह उठतो. सूज काही दिवसांत आपोआप उतरते, म्हणून ती विसरली जाते, आणि पुढचा झटका छातीत येईपर्यंत कोणी रक्त तपासत नाही. त्या सकाळी टेबलामागे बसलेल्या डॉक्टरने किंवा नर्सने आईला तिचे मूळ गाव विचारायचे, घरात कोणाला सिकल आहे का ते विचारायचे, बाळाच्या तापावर लगेच उपचार सुरू करायचे आणि त्याच दिवशी रक्ताचा नमुना घ्यायचा. झटपट होणारी सोल्युबिलिटी चाचणी इतक्या लहान वयात फसवू शकते, म्हणून नमुना हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या एचपीएलसी तपासणीसाठी पाठवायचा आणि निकाल त्या कुटुंबाच्या हातात पडेपर्यंत, ते पुढच्या फडावर गेले तरी, त्याचा पाठपुरावा करायचा.